सुईनंतरचे तीन तास

सुईच्या आधी

या तीन तासांची मोजणी पोलोच्या मैदानावर सुरू झाली नाही, ती एका औषधाच्या दुकानात सुरू झाली. फ्लोरिडातल्या ओकाला गावची फ्रँक्स फार्मसी डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध मिसळून देणारी होती. पोलोच्या घोड्यांसाठी 'बायोडिल' नावाचं टॉनिक अनेक देशांत मिळतं. त्यात बी-१२ जीवनसत्त्व, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि सेलेनियम असतं. अमेरिकेत त्याला परवानगी नव्हती, म्हणून तसंच मिश्रण या फार्मसीत बनवून घेतलं गेलं.

सेलेनियम घोड्याला लागतंच. स्नायूंची, विशेषतः हृदयाच्या स्नायूची, झीज रोखणाऱ्या एका एन्झाइमचा तो भाग आहे. पण लागतं किती, तर ५०० किलोच्या जनावराला दिवसाला १ ते ३ मिलिग्रॅम. चिमूट म्हणावी तर चिमूटही खूप मोठी. एवढ्याशा मापात आकडा चुकला तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाटलीतलं पाणी तसंच, रंगही तसाच.

रविवार, १९ एप्रिल २००९, सामन्याआधी

पाम बीच परगण्यातलं वेलिंग्टन. यूएस ओपन पोलो स्पर्धा चालू आहे आणि आज लेचुझा काराकास हा व्हेनेझुएलाचे बँकर व्हिक्टर व्हर्गास यांचा संघ खेळणार आहे. पोलोत सात-सात मिनिटांचे डाव असतात. त्यांना इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात ते आपल्या 'चक्कर'वरूनच आलंय. एका चक्करीत घोडा इतका दमतो की पुढच्या चक्करीला दुसरा काढावा लागतो. चार खेळाडूंच्या संघाला म्हणूनच दोन डझन घोडे लागतात. एका बाटलीची चूक एका घोड्यावर थांबली नाही, ती यामुळे.

२१ घोड्यांना त्या मिश्रणाची सुई टोचली गेली. ५ राहिले.

शून्य मिनिट

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं या मिनिटात ठरलं.

घोड्याला औषध तोंडाने द्या, ते मध्येच बरंच गळतं. हृदयासाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन घ्या. ते तोंडाने द्यायचं तर शिरेतल्या मात्रेच्या सुमारे पाचपट द्यावं लागतं, कारण आतड्यातून जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात पोचतो. हृदयाचे ठोके अनियमित झाले की दिलं जाणारं क्विनिडिन नाकातून नळी घालून पोटात सोडतात, दर दोन तासांनी, आणि प्रत्येक मात्रेआधी डॉक्टर हृदयाचा आलेख पाहतात. आलेख बिघडू लागला की पुढची मात्रा थांबते. पोटातून जाणारं औषध असा वेळ देतं. घोडा ओकू शकत नाही, तरी आतडं आणि यकृत या दोन चौक्या वाटेवर उभ्या असतात.

सुई या दोन्ही चौक्या चुकवते. घोड्याच्या अंगात ४० लिटरच्या आसपास रक्त, ते ढकलणारं हृदय जवळपास चार किलोचं. जे टोचलं ते थोड्याच वेळात त्या हृदयाच्या स्नायूपर्यंत जातं. परत काढून घेण्याची सोय नाही. सेलेनियमवर उतारा म्हणावा असं औषधही नाही.

पहिला, दुसरा तास

घोडे ट्रेलरमध्ये चढवले जातात. आत काय चाललंय ते कातडीवर उमटायला अजून वेळ आहे. योग्य मात्रेत पेशींची झीज रोखणारं सेलेनियम अतिरेकात नेमकी तीच झीज घडवून आणतं. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब खाली येतो, फुप्फुसांत पाणी आणि रक्त साठू लागतं.

तिसरा तास

मैदानावर घोडे उतरवले जातात आणि त्यांचे पाय लटपटू लागतात. मोतद्दारांना आधी उन्हाचा त्रास वाटला असेल तर नवल नाही, फ्लोरिडाचा एप्रिल आहे. घोडे कोसळतात. अंगावर पाणी ओतलं जातं, वारा घातला जातो, पशुवैद्य धावतात. प्रेक्षकांना दिसू नये म्हणून ट्रक आणि ताडपत्र्या आडव्या लावल्या जातात. तिकीट काढून आलेल्यांसाठी एक प्रदर्शनीय सामना होतो. मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त टोचतं, पण गर्दीला घरी पाठवायचं तरी काय सांगून?

काही घोडे मैदानातच गेले, काही दवाखान्यात.

सोमवार

आकडा २१ वर थांबतो. १५ शवं गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठात, ६ किसिमीच्या सरकारी प्रयोगशाळेत. पहिल्या पाहणीत रक्तस्राव दिसतो, कारण दिसत नाही.

त्याच आठवड्यात संघाचा एक खेळाडू अर्जेंटिनाच्या वर्तमानपत्राला सांगतो की ज्या पाच घोड्यांना टॉनिक दिलं नव्हतं, तेच ठीक आहेत. इतकं सरळ प्रयोगशाळेलाही सांगता आलं नसतं. गुरुवारी, २३ तारखेला, फ्रँक्स फार्मसी स्वतःच कबूल करते की मिश्रणातल्या एका घटकाचं प्रमाण चुकलं होतं. कुठला घटक, ते मात्र त्या दिवशी सांगत नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

राज्याचे अधिकारी घटकाचं नाव जाहीर करतात : सेलेनियम. घोड्यांच्या रक्तात आणि यकृतात ते विषारी पातळीला होतं.

आपल्याकडे हे नाव घराघरात पोचलं ते २०२५च्या सुरुवातीला, बुलढाण्यातल्या शेगावच्या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळू लागले तेव्हा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे ते पोटातून, दिवसेंदिवस घासाघासाने गेलं होतं, आणि केसांवर निभावलं. वेलिंग्टनच्या घोड्यांना ते सुईतून मिळालं होतं.