तुळसाबाई आणि मल्हाररावाचा ताबा

काही वर्षांपूर्वी माझ्या नात्यातल्या एका मुलीसोबत मी कौटुंबिक न्यायालयात जात असे. तारखा पडत, आम्ही बाकावर बसून राहायचो. तिचा सहा वर्षांचा मुलगा एकदा शाळेच्या फाटकातूनच परस्पर उचलून नेला होता. "चल, तुला गंमत दाखवतो" म्हणून ओळखीच्याच माणसाने हात धरला आणि हे पोर निमूट गेलं. वकील बोलताना सारखा "ताबा" म्हणायचा. ताबा कोणाकडे, ताबा कधीपासून, ताबा सोडला का. जमिनीचा, दुकानाच्या गाळ्याचा असतो तसा मुलाचाही ताबा असतो, हे मी पहिल्यांदाच इतकं कानाजवळ ऐकत होते.

त्याच दिवसांत मी होळकरांच्या इतिहासाची पुस्तकं परत काढली होती. इंदूरला जन्म गेला, पण आमचं होळकरी ज्ञान अहिल्याबाईंपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. यशवंतरावांचं नाव अलीकडे थोडं घेतात. त्यांच्या मागून आलेल्या तुळसाबाईचं नाव मात्र कोणी घेत नाही, आणि घेतलं तर खालच्या आवाजात. कॉलेजात आमच्या सरांनीही "एक बदनाम बाई" म्हणून दोन वाक्यांत तिला उरकलं होतं. मीही वहीत तसंच लिहून घेतलं. पुन्हा वाचायला बसले तेव्हा मला ती सगळी गोष्ट एका मुलाच्या ताब्याची दिसायला लागली.

होळकरांच्या घरात हे प्रकरण तसं जुनंच. तुकोजीराव १७९७ मध्ये पुण्यात वारले आणि मुलांत वारशाचा तंटा पेटला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली आणि भांबुर्ड्याच्या छावणीवर रात्री हल्ला करून त्याचा भाऊ मल्हारराव याला ठार मारलं. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. पुढे जो मुलगा झाला, खंडेराव, तो बोलायला लागायच्या आधीच राज्याचा वारस आणि शिंद्यांचा कैदी, दोन्ही झाला. यशवंतराव मल्हाररावाचा भाऊ. त्यांनी या तान्ह्याच्या नावाने झेंडा उभारला. पेशव्यांशी आणि शिंद्यांशी १८०२ मध्ये जी बोलणी झाली, त्यांत खंडेरावाला सोडा ही त्यांची मागणी वारंवार येते. मूल सुटलं खरं, पण फार जगलं नाही. त्याला विष घातलं असं लोक बोलत, आणि बोट यशवंतरावांकडेच दाखवत. खरं-खोटं त्या छावणीलाच ठाऊक. पण "मुलगा हातात पाहिजे" हा धडा त्या दरबारातल्या प्रत्येकाने तेव्हाच गिरवला असणार.

आता तुळसाबाई. तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं जॉन माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथातून. हा माल्कम म्हणजे तिच्या फौजेला हरवणाऱ्यांतलाच एक, हे वाचताना विसरायचं नाही. तरी माणूस चौकस होता, पाहिलेल्या-ऐकलेल्यांना विचारून लिहीत होता. तो सांगतो, की मानभाव पंथातल्या एका साधूची ती मुलगी समजली जाई. यशवंतरावांनी पाहिली तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. नवऱ्याला बाजूला सारलं गेलं आणि ती होळकरांच्या जनान्यात आली. तिला कोणी विचारलं होतं का, हे माल्कमही लिहीत नाही. रूप होतं, बुद्धी तल्लख होती, बोलणं असं की समोरच्याला जिंकून घ्यावं. घोड्यावर छान बसे, आणि ती निघाली की मोठमोठ्या घरच्या बायका घोड्यांवर तिच्यामागे चालत.

मल्हारराव हा यशवंतरावांचा मुलगा, १८०६ चा जन्म. त्याची जन्मदात्री तुळसाबाई नव्हे, ती केसरबाई. साध्या घरातून आलेली, मागे मागे राहणारी. तुळसाबाईला मूल नव्हतं. तिने मल्हाररावाला मांडीवर घेतलं आणि त्या मांडीवरून राज्य चालवलं. म्हणजे एकाच छावणीत, थोड्याशा अंतरावरच्या दोन तंबूंत, एक जन्म दिलेली आई आणि एक दत्तक घेतलेली आई. केसरबाईला मुलाला कधी भेटू देत, कोणाच्या समोर भेटू देत, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. कोर्टाच्या बाकावर बसलेली असताना माझं मन नेमकं तिथेच घुटमळायचं.

यशवंतरावांना १८०८ च्या सुमारास वेडाचे झटके येऊ लागले. भानपुऱ्याला तोफा ओतून घेण्याच्या नादात त्यांनी स्वतःला भट्टीपाशी जाळून घेतलं होतं म्हणा ना, रात्रंदिवस तेच. मग दोरखंडांनी बांधून ठेवण्याची पाळी आली. दुधावर ठेवलेला तो शूर माणूस तीन वर्षं तसाच जगला आणि २८ ऑक्टोबर १८११ ला गेला. त्या तीन वर्षांत आणि पुढची सहा वर्षं कारभार तुळसाबाईचा. एका सरदाराने तर वेड्या यशवंतरावांसकट दोन्ही बाया आणि मूल जंगलात नेऊन संपवण्याचा घाट घातला होता, त्यातून ही मंडळी कशीबशी वाचली.

हे सगळं समजायला एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. तेव्हाची होळकरशाही म्हणजे एका जागी बसलेलं राज्य नव्हतंच. ती फिरती छावणी होती. पलटणींचे पगार महिनोन्‌महिने तुंबलेले, पठाण सरदार वेगळे, मराठे सरदार वेगळे, पेंढारी आजूबाजूला. पगार थकला की शिपाई सरळ धरणं धरून बसत, मालकाला जेवू देत नसत. अशा ठिकाणी राज्य म्हणजे काय? राज्य म्हणजे शिक्का, आणि शिक्का त्या पोराच्या नावाचा. ज्याच्या तंबूत पोर, त्याच्या पत्रावर शिक्का. त्यालाच वसुली करता येणार, त्यालाच तह करता येणार, त्यालाच सावकार उधार देणार. अकरा वर्षांचा मुलगा त्याला कसं कळावं, की आपल्या चिमुकल्या अस्तित्वावर वीस-पंचवीस हजार माणसांची भाकरी टांगलेली आहे!

तुळसाबाई निर्दोष होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाळाराम शेट हा तिचा जुना कारभारी, त्याला तिने ठार करवलं. गणपतराव नावाच्या कारभाऱ्याशी तिचे संबंध होते आणि ते लपलेले नव्हते. सूड घेताना ती मागेपुढे पाहत नसे. पण अमीरखानाने किती माणसं मारली, गावंच्या गावं लुटली, त्याला शेवटी टोंकची नवाबी मिळाली. त्याला कोणी बदनाम म्हणून दोन वाक्यांत उरकत नाही. असो. हा माझा जुना सल आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात बाजीराव पेशव्याने खडकीला इंग्रजांवर हत्यार उचललं. अमीरखानाने त्याच महिन्यात इंग्रजांशी तह करून अंग काढून घेतलं. इकडे सर थॉमस हिस्लॉप आणि माल्कम फौज घेऊन माळव्यात शिरले. छावणीत दोन तट पडले. पलटणींच्या सरदारांना, त्यांत अमीरखानाचा नातलग गफूरखान मुख्य, लढायचं होतं. पेशव्याच्या पैशाची आशा होती, आणि लढाई नसली तर शिपायाला विचारतो कोण? तुळसाबाईने त्याआधीच इंग्रजांकडे गुप्तपणे निरोप धाडला होता, की मला आणि मुलाला तुमच्या आश्रयाला घ्या. पुढे तिची माणसं डळमळली, निरोप उलटसुलट गेले, पण संशय एकदा बसला तो बसला. बाई पोराला घेऊन इंग्रजांकडे जाणार, या एका भीतीने सगळे सरदार एक झाले. तात्या जोगाला इंग्रजांचा मित्र ठरवून आधीच अडकवलं होतं.

आणि मग जे झालं ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं. मल्हारराव तंबूपुढे खेळत होता. त्याला काहीतरी सांगून, भुलवून, तिथून दूर नेलं. त्याच वेळी तुळसाबाईच्या तंबूवर पहारा बसवला. गणपतराव घोड्यावर बसून पळाला, तो धरला गेला. बाईने पहिली चौकशी केली ती मुलाची. तिने अन्नाला हात लावला नाही. आमच्या जैन घरात उपास पाहत, करत मी वाढले. दिवस मावळायच्या आत पानं उचलणारी माणसं आम्ही. पण उपास धरणं वेगळं आणि घास न उतरणं वेगळं, हे त्या मुलाला उचलून नेलं त्या संध्याकाळी मी आमच्याच घरात पाहिलं होतं.

पहाट व्हायच्या आत तिला पालखीत घालून क्षिप्रेच्या काठावर नेलं. बहुतेक पुस्तकांत तारीख २० डिसेंबर १८१७ दिलेली आहे. ती ओरडली, त्या ओरडण्याने पुष्कळ लोक जागे झाले, पण कोणी तंबूबाहेर आलं नाही. माल्कम हे सांगताना म्हणतो, की तिने स्वतः कोणाला दया दाखवली नव्हती म्हणून. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. लोक बाहेर आले नाहीत कारण मुलगा आता दुसऱ्या तंबूत होता. काल तिच्याकडे होता म्हणून लोक तिचे होते. आज तिला वाचवून कोणाचा पगार निघणार होता? काठावर तिचं डोकं उडवलं आणि धड नदीत टाकलं. अग्नीही दिला नाही. वय तिशीच्या आतलं.

लगोलग २१ डिसेंबरला महिदपूरची लढाई झाली. होळकरांच्या तोफा उत्तम चालल्या, इंग्रजांकडचे सुमारे पावणेआठशे लोक मेले-जखमी झाले, पण शेवटी फौज फुटली. मल्हाररावाला हत्तीवर बसवून रणात आणलं होतं. शिपाई पळताना पाहून तो रडायला लागला आणि फिरा, फिरा म्हणून विनवू लागला, असं सांगतात. त्याच्या सावत्र बहिणीच्या, भीमाबाईच्या पराक्रमाच्या कथा आमच्याकडे याच लढाईच्या सांगतात. मला मात्र तो हत्तीवरचा मुलगाच दिसतो. दोन दिवसांपूर्वी तो तंबूपुढे खेळत होता. आईचं काय झालं हे त्याला कोणी सांगितलं असेल का, आणि कोणत्या शब्दांत?

६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपुतांकडच्या खंडण्या गेल्या, दरबारात कंपनीचा वकील येऊन बसला. गफूरखानाला जावरा मिळालं, तहातच तसं कलम आहे. तात्या जोग दिवाण झाला. राजधानी इंदूरला आली, आमचं हे शहर त्यामुळेच वाढलं. आणि मल्हारराव कंपनीच्या संरक्षणात गेला. थोडक्यात, तुळसाबाईने ज्या निरोपासाठी जीव गमावला तोच निरोप सगळ्यांनी मिळून सही-शिक्क्यानिशी पाठवला, फक्त सतरा दिवस उशिरा.

मल्हारराव मोठा झाला, पण राज्य त्याने चालवलं असं कोणी म्हणत नाही. दुसऱ्यांनी आपल्याला उचलायचं आणि बसवायचं याचीच सवय लागली असावी. १८३३ मध्ये, सत्ताविशीत, मूल नसतानाच गेला. केसरबाई मात्र टिकली. तीच पुढे कृष्णाबाई, मासाहेब. जिला कोणी हिशेबात धरलं नव्हतं तिने मुलाचं मरण पाहिलं, पुढच्या दोन गाद्यांचे तंटे पाहिले आणि १८४४ मध्ये पुन्हा एका लहान मुलाला, दुसऱ्या तुकोजीरावाला, गादीवर बसवून स्वतः कारभार पाहिला. या खेपेला मूल कोणी पळवलं नाही.

आमच्या खटल्याचं सांगायचं तर, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून न्यायाधीशाला आधी मुलाचं हित पाहावं लागतं. आमच्या न्यायाधीशबाईंनी मुलाला आपल्या खोलीत बोलावलं, बिस्किट दिलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर पाठवलं. तो आईकडे राहिला, रविवारी वडिलांकडे जातो. शाळेत मात्र अजून कोणी हाक मारली तर आधी मागे वळून आई दिसते का ते बघतो.

राजवाड्याकडून भाजी घेऊन येताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून रिक्षा जाते. कान्ह नदीच्या काठावरच्या त्या छत्र्यांत कृष्णाबाईची छत्री आहे, दुसऱ्या तुकोजीरावाचीही आहे. संध्याकाळी दिवे लावतात तेव्हा छान दिसतात. मागच्या हिवाळ्यात उज्जैनला गेलो होतो, तिथून मी हट्टाने महिदपूरलाही जाऊन आले. क्षिप्रेवर बायका धुणं धूत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीला मी विचारलं, इथे कोणा राणीची जागा आहे का. ती म्हणाली, राणीची नाही, पण घाट पुढे आहे, तिथे पाणी चांगलं आहे.