१० ऑगस्ट १९५० ला तुमचे आजोबा कोणत्या जिल्ह्यात होते?

वर्सोव्याच्या वस्त्यांमधली आपली मुलं जात प्रमाणपत्राचा अर्ज भरताना एकाच प्रश्नाशी अडतात. १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे वडील, आजोबा किंवा पणजोबा कुठे राहत होते? अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा, म्हणून ही तारीख. प्रश्न साधा वाटतो. पण त्या दिवशी महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. नांदेडचे आजोबा हैदराबाद राज्यात होते, अकोल्याचे मध्य प्रदेशात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे कणकवलीच्या आजोबांचा जिल्हा रत्नागिरी. श्रीवर्धनकडचे आधी जंजिरा संस्थानात, १९४८ नंतर कुलाबा जिल्ह्यात, आणि १९८१ पासून त्याच कुलाब्याचं नाव रायगड. माणूस जागचा हलला नाही, जिल्हा मात्र त्याच्या डोक्यावरून फिरत राहिला.

खुद्द वर्सोवाच घ्या. मूळचं साष्टी तालुक्यातलं, ठाणे जिल्ह्यातलं गाव. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला, त्यात गेलं. एप्रिल १९५० मध्ये बृहन्मुंबईत आलं, म्हणजे त्या तारखेच्या जेमतेम चार महिने आधी. १९९० पासून पुन्हा उपनगर जिल्हा. इथे १९१० ला जन्मलेल्या माणसाचा शोध अंधेरीच्या आधी ठाण्याच्या दप्तरात घ्यावा लागतो.

या गुंत्याला कंटाळून आपले लोक म्हणतात, "आपल्या पूर्वजांचे कागदच नाहीत." हे मला मान्य नाही. राबवून घेणारी व्यवस्था राबणाऱ्यांची यादी ठेवतेच. महार वतन, महसुली भाषेत ६-ब, हे गावकीच्या गुलामीचं वतन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. प्रत्यक्षात ते संपायला १९५८ चा कनिष्ठ गावनोकर वतन निर्मूलन कायदा यावा लागला. पण वतनाची जमीन भावकीत सामाईक असल्याने तिच्या नोंदीत आणि फेरफारात हिस्सेदारांची नावं बापाच्या नावासह ओळीने सापडतात. ज्या कागदाने आपल्याला गावाशी बांधून ठेवलं, तोच आज आपली वंशावळ सांगतो. एवढी वाईट गोष्ट एवढी उपयोगी पडावी, याचा राग येतो. तरी नक्कल काढायचीच.

वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतं. नावाला 'नाक' जोडलेलं असतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावं आठवा. जुना मजकूर मोडीत असतो, मराठवाड्यात उर्दूत. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्ममृत्यूसोबत जातही लिहिलेली सापडते. वतनाच्या कागदात बायकांची नावं मात्र क्वचितच येतात, त्यामुळे आजीचं घराणं तिथून पुसलेलंच असतं.

आडनावावर तर अजिबात विसंबू नका. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, शाळेत नाव आंबडवेकर, आणि जगाला माहीत झालं ते आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे आज मंडणगड तालुक्यात आहे, पण १८८० च्या गॅझेटियरमध्ये मंडणगड हा दापोली तालुक्याचा पेटा होता. म्हणजे त्या भागातल्या मुलाने फक्त मंडणगडच्या तहसिलीत विचारलं आणि 'नाही' ऐकून परत आला, तर त्याचा शोध अर्धाच झाला.

त्यात १९५६ ची धम्मदीक्षा. आजोबांच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या त्या १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांच्या कागदांत विसंगती दिसते ती आपल्या लबाडीमुळे नव्हे. त्या काळातल्या कायद्यामुळे दिसते.

आणि तरीही महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याचं कलम ८ पुराव्याचा भार अर्जदारावरच टाकतं. दप्तर सरकारचं, सीमा सरकारने हलवल्या, तालुके सरकारने फोडले, आणि कोणतं दप्तर कुठे गेलं हे शोधायचं कोणी, तर बारावीतल्या पोराने! एका दिवसाची मजुरी बुडवून कोकणात जाणाऱ्या त्याच्या बापाने! ६-ब च्या नोंदी आणि कोतवाल बुकं तालुकावार लोकांसमोर ठेवणं, कोणत्या गावाचं दप्तर कोणत्या वर्षी कुठे हललं याची यादी लावणं, हे शासनाचं काम आहे. ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात मला अजून दिसत नाही. पुतळ्याची आणि नामांतराची दिसते.

तोवर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. "जिल्हा कोणता?" असं विचारू नका, ते आजचं नाव सांगतील. मुंबईची बोट कोणत्या बंदरातून धरायचात, ते विचारा. आजी बाणकोट म्हणाली तर मंडणगडपासून सुरुवात करा, हर्णै म्हणाली तर दापोलीपासून, जैतापूर म्हणाली तर राजापूरपासून. विजयदुर्ग म्हणाली तर आज देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग; पण अर्जातल्या त्या रकान्यात लिहायचं रत्नागिरी.