जोडलेल्या हातांची घरे

ओगिमाचीच्या टेकडीवरून पाहिले की खाली शोकावा नदीकाठी गवताच्या छपरांचे गाव दिसते. जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा-गो भागातले हे मुख्य गाव. छपरांचा उतार साठ अंशांपर्यंत जातो. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखा हा आकार, म्हणून या बांधणीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. १९९५ साली ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा ही गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

पाहणारा या आकाराने भाविक होतो, मीही झालो. मात्र वादा घराण्याच्या घरातला जिना चढून माळ्यावर गेलो, तेव्हा वेगळीच गोष्ट उलगडली. एवढ्या उतारावरून बर्फ घसरून जातो हे खरेच. पण त्याच उंचीमुळे आत एकावर एक माळे मिळतात. ते होते रेशमाच्या किड्यांसाठी. खालच्या चुलीची ऊब फळ्यांच्या फटींतून वर येई आणि धुराने लाकूड, गवत टिकून राही. जमिनीखालच्या खड्ड्यांत माती, रानटी पाला आणि किड्यांची विष्ठा काही वर्षे कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. माथ्यावर रेशीम आणि पायाखाली दारूगोळा! भातशेतीला जमीन अपुरी असलेल्या दरीत हे घर म्हणजे कारखानाच होता. १९३५ साली आलेले जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट यांनी या रचनेच्या तर्कशुद्धतेचे कौतुक केले, ते उगाच नव्हे.

पुढे परदेशी सोरा आला, रेशीमही ओसरले. १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाने वरच्या अंगाची गावे गिळली. तिथले यानोहारा घर उचलून योकोहामाच्या सांकेइएन बागेत नेले गेले. ते आजही सुस्थितीत आहे. पण त्याला शेजार उरला नाही.

ओगिमाचीच्या लोकांनी १९७१ मध्ये संघटना करून ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. पण नुसत्या नियमांनी छप्पर शाकारले जात नाही. तीसेक वर्षांनी गवत बदलावेच लागते आणि ते एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. त्यासाठी ‘युइ’ची रीत आहे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच. शे-दोनशे माणसे छपरावर चढतात. आज तुमचे घर, उद्या माझे. कोणी किती गवत, किती दोर, किती श्रम दिले, याच्या वह्या ठेवल्या जात.

या गावाच्या इतिहासाचे अस्सल कागद मला विचाराल तर त्या वह्या. आता पर्यटनाचा पैसा आहे, सरकारी अनुदान आहे, कसबी कारागीरही मिळतात. पैशाने गवत आणि मजूर आणता येतील. पण शेजाऱ्याच्या छपरावर घालवलेला दिवस वहीत मांडला जातो, तो कधीतरी फेडायचा असतो म्हणून. ही देवाणघेवाण थांबली, तर ओगिमाचीची घरे जागच्या जागी राहूनही यानोहारा घरासारखीच होतील.