पागोळ्यांचे पाणी (परसबागेसाठी)

छपरावरून ओघळणारे पावसाचे पाणी पन्हाळीवाटे पिंपात साठवून गादीवाफ्यांवरील भाजीपाल्याला देण्याची पद्धत. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिमी पाऊस पडतो, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. एवढ्या पावसाच्या मुलखात पिंप कशाला, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर गादीवाफ्यात आहे.

याच जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव आणि भोवतालचा चौरास भाग हा धानाचा मुलूख. धानाला बांधीत साचलेले पाणी मानवते. मिरची, वांगी, टोमॅटो यांची मुळे मात्र त्यात कुजतात. म्हणून सांदवाडीत (घरामागच्या परसात) भाजी लावताना मातीत कुजलेले शेणखत मिसळून सुमारे १ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंमी उंच वाफा करतात. झड लागली तरी त्यातले पाणी झिरपून बाजूच्या चरात उतरते. पण हाच वाफा पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की सर्वांत आधी सुकतो. शेजारच्या बांधीत चिखल असताना वाफ्यावरची कोवळी रोपे माना टाकतात. या खंडाच्या दिवसांसाठी पिंप हवे.

हिशेब सोपा आहे. १ चौ.मी. छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ४० चौ.मी. छपरावर २५ मिमीची एक सर आली आणि गळती, शिंतोडे धरून पाचवा भाग वाया गेला, तरी ८०० लिटर हाती येते, म्हणजे २०० लिटरची चार पिंपे. ३ मीटर लांबीच्या वाफ्याला खंडाच्या काळात रोज १२ ते १५ लिटर पुरतात. एक पिंप दोन आठवडे निभावते. पावसाळ्यानंतरचे चित्र वेगळे. तेवढ्याच वाफ्याला पुढच्या पावसापर्यंतचे आठ महिने जगवायचे तर १५ ते १८ पिंपे लागतील, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तीही अपुरी पडतील. पिंपाकडून उन्हाळ्याची आशा धरू नये. पावसाळ्यात दर सरीला ते पुन्हा भरते, हे त्याचे खरे बळ.

कवेलूंच्या घरावर शेवाळ, पाचोळा, पाखरांची विष्ठा असतेच. त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरींचे गढूळ पाणी पिंपात न घेता वाहू द्यावे. टिनाचे छप्पर लवकर स्वच्छ होते. पिंप अपारदर्शक असावे, नाहीतर पाणी शेवाळून हिरवे होते. कीटकनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये. भरलेल्या पिंपातले पाणीच २०० किलो भरते, म्हणून ओटा विटांचा आणि पक्का हवा. तोटी तळापासून चार बोटे वर बसवली की गाळ खाली राहतो; ओट्याच्या उंचीमुळे तोटीखाली झारी मावते. ठिबकच्या नळ्या जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण १ मीटर उंचीच्या पाण्याला दाब मिळतो वातावरणाच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि नेहमीच्या ठिबकला साधारण त्याच्या दहापट लागतो. त्यामुळे कमी दाबावर चालणारा खास संच घ्यावा, नाहीतर झारीच बरी.

डासांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट बांधावी. सरी चालू असतील त्या काळात आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, पिंप रिकामे करून आतून घासावे, म्हणजे पुढच्या सरीला ते पुन्हा भरते. ते पाणी वाफ्यालाच जाते, वाया जात नाही. पिंपाभोवती सांडपाण्याचे डबकेही होऊ देऊ नये: हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, आणि भंडारा हा हत्तीरोगाचा जुना जिल्हा आहे.

शेतात हेच काम बोडी करते. शेताच्या चढाच्या बाजूला पाळ घालून केलेले हे खाजगी तळे, धान निसवण्याच्या वेळी पाऊस रुसला तर बांध्यांना पाणी पुरवते. गावाच्या पातळीवर मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य मोठे. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारी) गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले.

छपराच्या पाण्यावर पावसाळ्यापलीकडे शेती न्यायची असेल, तर साठा जमिनीखाली न्यावा लागतो. चीनच्या गान्सू प्रांतात १९९५ च्या दुष्काळानंतर राबवलेल्या ‘१-२-१’ योजनेत प्रत्येक कुटुंबाला पाणी गोळा करण्याची एक जागा, दोन भूमिगत टाक्या आणि त्यावर भिजणारा जमिनीचा एक तुकडा, अशी आखणी होती.