बारा माणसांची थिऑफिलिन

मॉडेलिंग शिकायला नवी मुलं येतात ती लॅपटॉप उघडूनच. सॉफ्टवेअर कुठलं, आवृत्ती कितवी, लायसन्स कधी मिळणार, हे त्यांचे पहिले प्रश्न. मी त्यांच्यापुढे सेमी-लॉग कागद, पेन्सिल, पट्टी आणि बारा माणसांच्या रक्तातल्या औषधाचे आकडे ठेवते. हा सेमी-लॉग कागद आता पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातही चटकन मिळत नाही, मी तो छापून आणते. बिंदू मांडा, शेवटच्या बिंदूंतून रेघ ओढा, हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सांगा. ‘मॅडम, हे एका क्लिकवर येतं’, असं कोणीतरी म्हणतंच. येतं, मान्य. पण शरीर औषधाचं काय करतं आणि औषध शरीराचं काय करतं, या दोन प्रश्नांना गणितात बांधणारा हा धंदा इथवर कसा आला, ते मग मी त्यांना सांगते. त्या इतिहासातून मी काढलेला निष्कर्ष एकच आहे : या विद्येचं घोडं गणितापाशी फारसं अडलं नाही, ते शिकवणाऱ्यापाशी अडलं.

पुरावा म्हणून टॉर्स्टन टेओरेल पुरे आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या या संशोधकाने १९३७ साली दोन निबंध छापले. औषध टोचलं ती जागा, रक्त, ऊती, मूत्रपिंडावाटे बाहेर पडणं आणि ऊतींमध्येच निकामी होणं, असे भाग पाडून त्याने प्रत्येकाचं समीकरण मांडलं. आज आम्ही ज्याला कंपार्टमेंट मॉडेल म्हणतो, ते जवळपास पूर्ण त्यात आहे. आणि पुढची वीसेक वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. रक्तातलं औषध नेमकं मोजण्याच्या पद्धती तेव्हा थोड्या होत्या, समीकरणं हाताने सोडवणं जिकिरीचं होतं, हे खरंच. पण ते निबंध ज्यात आले ते नियतकालिक वाचणाऱ्या डॉक्टरांना कलनशास्त्र येत नव्हतं आणि ते शिकवायला कोणी बसलेलंही नव्हतं, हे कारण मला जास्त पटतं.

गणिताशिवायही काम होत होतं. १९४२ साली जावा बेट जपानच्या हाती गेलं आणि दोस्त राष्ट्रांची क्विनाइनची वाट बंद झाली. उरलं अ‍ॅटाब्रिन. कातडी पिवळी करणारं, पोट बिघडवणारं, सैनिकांना नकोसं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलात जेम्स शॅनन यांच्या हाताखाली बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी युडेनफ्रेंड यांनी ते रक्तद्रवात मोजायची रीत बसवली. तेव्हा कळलं की औषध रक्तात थोडं आणि ऊतींमध्ये भरमसाट जातं. कोरा माठ आधी स्वतःच पाणी पितो, तसं. मग उपाय सरळ होता : सुरुवातीला मोठे डोस देऊन ऊती भरून घ्यायच्या, नंतर थोडं थोडं चालू ठेवायचं. आज प्रत्येक विद्यार्थी ‘लोडिंग डोस’ म्हणून जे शिकतो ते हेच. टेओरेलची समीकरणं यात कुठेच नव्हती.

‘फार्माकोकायनेटिक्स’ हे नाव रुळलं ते १९५३ साली, जर्मन बालरोगतज्ज्ञ एफ. एच. डोस्ट यांच्या पुस्तकामुळे. हा माणूस बालरोगतज्ज्ञ असावा हे मला फार सूचक वाटतं. मोठ्या माणसाचा डोस वजनाच्या प्रमाणात कापून बाळाला देता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला टोचणार?

पुढचं मोठं पाऊल अमेरिकेतल्या बफेलोचं. गेऱ्हार्ड लेव्ही यांनी १९६०च्या दशकात रक्तातल्या औषधाला त्याच्या परिणामाशी जोडलं. त्यांचा युक्तिवाद मी अजून फळ्यावर लिहिते. औषध घातांकी गतीने घटतं, पण मधल्या टप्प्यात परिणाम त्याच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असतो, म्हणून परिणाम सरळ रेषेत उतरतो. यातून व्यवहाराची गोष्ट निघते : डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट वेळ टिकत नाही, फक्त एका हाफ-लाइफइतका जास्त टिकतो. हे कळल्यावर मुलं क्षणभर गप्प होतात. मला तो क्षण आवडतो.

त्या काळातलं शिक्षण हाताचं होतं. सेमी-लॉग कागदावर वक्र काढायचा, शेवटची रेघ मागे ओढून वजा करायची आणि उरलेल्या बिंदूंतून शोषणाचा वेग काढायचा. वक्राखालचं क्षेत्रफळ हवं असेल तर काही ठिकाणी चक्क कागद कात्रीने कापून तराजूवर तोलत. आज यावर हसू येतं, पण ज्याने कागद कापला त्याला क्षेत्रफळ म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नसेल.

मग पाठ्यपुस्तकं आली. १९७५ सालचं गिबाल्डी आणि पेरिअर हे समीकरणांचं पुस्तक, दमछाक करणारं. १९८० सालचं रोलंड आणि टोझर हे शिक्षकांचं पुस्तक : रुग्णाचे आकडे, त्यांवर प्रश्न, पुन्हा आकडे. माझी निवड निःसंशय दुसऱ्याची. आपल्याकडे १९९०च्या दशकात विदर्भातल्या ब्रह्मणकर आणि जयस्वाल यांचं पुस्तक आलं आणि देशभरातल्या फार्मसीच्या मुलांच्या हाती पडलं. आमच्या पिढीने बायोफार्मास्युटिक्स त्यातूनच घोकलं. घोकलं हाच शब्द खरा, कारण मी शिकले त्या कॉलेजात समीकरणाची सिद्धता दहा मार्कांना येई आणि खऱ्या रुग्णाचा एकही आकडा कधी फळ्यावर आला नाही. दोष पुस्तकाचा नव्हता.

धंद्याचा खरा कायापालट केला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या दोघांनी, डॉक्टर लुइस शायनर आणि संख्याशास्त्रज्ञ स्टुअर्ट बील यांनी. जुनी रीत अशी की निरोगी माणसाचं बारा-पंधरा वेळा रक्त घ्यायचं आणि त्याचा एकट्याचा वक्र बसवायचा. पण वॉर्डातल्या रुग्णाकडून एखाद-दुसरा नमुना मिळतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडून तर तोही मुश्किलीने. यांनी सगळ्यांचे तुटपुंजे आकडे एकाच मॉडेलमध्ये घातले आणि दोन गोष्टी एकदम मागितल्या : सर्वसाधारण माणूस कसा आहे, आणि माणसामाणसांत फरक किती आहे. १९८०च्या सुमारास त्यांचा नॉनमेम हा प्रोग्रॅम आला, फोरट्रानमध्ये लिहिलेला. १९८५ साली ग्रासेला आणि डॉन यांनी याच रीतीने अपुऱ्या दिवसांच्या ५९ बाळांचा फेनोबार्बिटालचा हिशोब मांडला. आकडे एकूण १५५, म्हणजे बाळामागे तीनसुद्धा नाहीत. तरी त्यातून वजनाप्रमाणे डोस काढता आला.

टेओरेलच्या वाट्याला जे आलं नाही ते इथे घडलं. या मंडळींनी प्रोग्रॅम लिहून तो टपालाने पाठवला आणि मोकळे झाले, असं झालं नाही. त्यांनी मार्गदर्शिका लिहिल्या, कार्यशाळा घेतल्या, लोकांना शेजारी बसवून चुका दाखवल्या. मार्गदर्शिकांवर तिसरं नाव आहे अ‍ॅलिसन बोकमन यांचं. शायनर-बील हे जोडनाव सगळे घेतात, बोकमन यांचं क्वचितच निघतं. मला तो अन्याय वाटतो. शायनर यांच्याकडे राहून गेलेले निक हॉलफर्ड ऑकलंडमध्ये आणि मॅट्स कार्लसन उप्सालात शिकवू लागले. उप्साला, म्हणजे टेओरेलचंच विद्यापीठ. १९९९ साली अमेरिकेच्या एफडीएने पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्सवर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ही कला औषध कंपन्यांच्या दप्तरात अधिकृतपणे शिरली.

आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला अहमदाबाद, मुंबई, हैदराबादेत बायोइक्विव्हॅलन्सच्या प्रयोगशाळा वाढल्या. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं का, गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसतं का, एवढं पाहायचं. वक्र ढिगाने निघाले, मॉडेलची गरज मात्र क्वचितच पडली. आपण हिशोबनीस पुष्कळ तयार केले, मॉडेलर थोडे. ज्यांना ते शिकायचं होतं ते बाहेर गेले. पिलानीत शिकलेले जोगाराव गोबुरू एफडीएच्या फार्माकोमेट्रिक्स विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठात हाच विषय शिकवू लागले.

आता माझ्या कागदावरच्या त्या बारा माणसांविषयी. थिऑफिलिन हे दम्याचं जुनं औषध. बारा जणांना ते तोंडावाटे दिलं आणि प्रत्येकाचं अकरा वेळा, सुमारे एका दिवसात, रक्त तपासलं. हे १३२ आकडे नॉनमेमच्या १९९४ सालच्या मार्गदर्शिकेत आले आणि तेव्हापासून जगभरच्या शिकाऊंच्या हाताखालून जात आहेत. पहिल्या माणसाचं हाफ-लाइफ पट्टीने काढलं तर चौदा तासांच्या आसपास येतं. बाकी बहुतेकांचं त्याच्या निम्म्याजवळ. आणि त्याच माणसाच्या रक्तात शून्य वेळेला, म्हणजे डोस घेण्याआधीच, लिटरला ०.७४ मिलिग्रॅम थिऑफिलिन आहे. आधीचा डोस उरला होता, मोजणीत काही गडबड झाली, की आणखी काही? सॉफ्टवेअर तो आकडा मुकाट गिळतं आणि उत्तर देतं. पेन्सिलवाल्याचा हात तिथे थांबतो, कारण सेमी-लॉग कागदावर शून्य या आकड्याला जागाच नसते, म्हणून डोसआधी, शून्य वेळेला, बिंदू येणं अपेक्षितच नसतं.

बी. फार्म. आणि एम. फार्म. शिकवणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. हे सगळे आकडे ‘आर’ या मोफत संगणकीय भाषेत आधीपासून भरलेले आहेत, ‘थिओफ’ या नावाने. विकत काहीही घ्यावं लागत नाही. एका प्रॅक्टिकलला मुलांना बारा कागद वाटा, एकेकाला एकेक माणूस द्या, आणि सिद्धता पुढच्या तासाला ठेवा. पहिल्या माणसाच्या त्या पहिल्या आकड्याविषयी मात्र त्यांना आधी काही सांगू नका.