बॅकला उभा राहणारा माणूस

आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या शाळेच्या आठवणींना जुनंच नाव चिकटलंय) फुटबॉल म्हणजे आमखास मैदान. ज्याला ड्रिबलिंग जमत नाही त्याला 'बॅक'ला उभं करायचं, हा तिथला अलिखित नियम. साहजिकच मी बॅक! गोल झाला की शिव्या मला, वाचला की शाबासकी गोलकीपरला. तेव्हापासून बचावपटूंबद्दल मी जरा हळवा आहे. म्हणून आज डेरिक परेराबद्दल लिहितोय.

परेरा गोव्याचा. साळगावकर क्लबचा डिफेंडर, भारताकडूनही खेळला. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन कप जिंकला, तो त्याचा काळ. पण आकडे शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. स्ट्रायकरचे गोल मोजतात, बॅकने अडवलेले गोल कुठल्या रकान्यात लिहिणार? आमच्या टेस्टिंगवाल्यांसारखंच. न घडलेल्या घोटाळ्याचं अप्रेझल होत नसतं.. असो.

गंमत पुढे आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा तो कोच झाला आणि २००५ चा फेडरेशन कप, पाठोपाठ २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग, दोन्ही जिंकून दिले. लीग चालली ११ मोसम, १९९६-९७ ते २००६-०७. त्यात महाराष्ट्राचा क्लब विजेता झाला तो एवढा एकदाच. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोघांना मागे टाकून! आपल्याकडे त्या वर्षी किती जणांनी पेपरात ही बातमी वाचली असेल देव जाणे. आम्ही सगळे तेव्हा धोनीच्या केसांवर चर्चा करत होतो.

मग पुणे एफसी. २००७ साली सुरू झालेला क्लब, २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तिसरा. मी तेव्हा नोकरीसाठी पुण्यात. शनिवारी बाईक काढून बालेवाडीला जायचो. एवढं मोठं स्टेडियम, त्यात आम्ही मूठभर लोक, त्यामुळे मैदानावरचं ओरडणं स्वच्छ ऐकू यायचं. २०१२-१३ मध्ये संघ उपविजेता झाला, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. त्या बचावफळीत अनस एडाथोडिका होता, पुढे भारताकडून खेळला. बॅक घडवायला बॅकच लागतो, असं माझं आपलं मत.

पण महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला. पुणे एफसीचाही गाशा २०१५-१६ च्या सुमारास गुंडाळला गेला. म्हणजे माणसाने जिथे मोठं काम केलं ते दोन्ही क्लबच आज नाहीत. कंपनीला खर्च परवडेना, मॅच बघायला माणसं नाहीत.. आणि ही दुसरी गोष्ट आपल्यामुळे, हे मान्य करायला हवं. मीही लग्नानंतर बालेवाडीला जाणं सोडलंच की.

परेरा गोव्याला परतला. एप्रिल २०१८ मध्ये सुपर कपात एफसी गोवाच्या बाकावर तोच होता. जमशेदपूरविरुद्ध मध्यंतराला मारामारी होऊन दोन्हीकडच्या तीन-तीन जणांना लाल कार्ड! आठ विरुद्ध आठ अशी मॅच, गोवा ५-१ ने जिंकलं. डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅनिश कोच फेरांदो मोहन बागानला निघून गेला, तेव्हा मोसमाच्या मधोमध पुन्हा यालाच पुढे केलं. संघ शेवटी नववा आला. दुसऱ्याने सोडलेला कोड रविवारी रात्री अंगावर येतो तेव्हा काय वाटतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

महिंद्राच्या त्या दिवसांत संघात खालिद जमील नावाचा एक मिडफिल्डर होता, दुखापतींनी जेरीस आलेला. त्याने पुढे कोच म्हणून २०१६-१७ ची आय-लीग ऐझॉलला जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. ती बातमी ऑफिसात वाचली, शेजारच्याला म्हटलं, "अरे, हा परेराच्या संघातला."

तो म्हणाला, "कोण परेरा?"