गिरणगांवांतील तमाशाचा रंगपट

मुंबईच्या डिलाईल रोडला आज ना. म. जोशी यांचें नांव आहे. १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करणारे ते हे जोशी. कामगारानें गुत्त्याची वाट सोडून वाचनालयाची व रात्रीच्या शाळेची वाट धरावी, त्याची करमणूकहि निर्मळ असावी, ही या संस्थेची खटपट. आणि परळास १९२२ सालीं उभें राहिलेलें दामोदर नाट्यगृह हें त्या खटपटीचें दृश्य रूप. कामगार रंगभूमीचीं कितीतरी नाटकें तेथें झालीं. परंतु ज्या रस्त्याला पुढें जोशींचें नांव मिळालें, त्याच रस्त्यावरील माणसाच्या कानांवर सुटीच्या रात्रीं ढोलकीची थाप आली म्हणजे त्याचे पाय कोणीकडे वळत, हें का सांगावयास हवें?

हा माणूस मूळचा सातारा-सांगलीकडचा, जुन्नर-संगमनेरचा किंवा कोंकणचा. बी. डी. डी. नें बांधलेल्या चाळींपैकीं ३२ चाळी या रस्त्यावर होत्या. एकेका चाळींत ८० खोल्या आणि, एके काळीं, एका खोलींत एका संसाराऐवजीं गांवचे आठ-दहा गडी. बायकोमुलें गांवीं, जेवण खानावळींत, दिवस अपोलो किंवा दुसऱ्या एखाद्या गिरणीच्या भोंग्यावर मोजलेला. तमाशा हा त्याच्या लेखीं शहरांतला चैनीचा पदार्थ नव्हता. गांवच्या जत्रेचा तो एक तुकडाच मुंबईला येई. मराठींत चाळ म्हणजे कामगाराचें घर आणि चाळ म्हणजे नाचणारीच्या पायांतील घुंगरेंहि. भाषेनें हा विनोद आपण होऊन केला आहे. पण गिरणगांवाच्या इतिहासांत या दोन चाळींचें नातें खरोखरच जवळचें होतें.

मुंबईंतील तमाशाचें जुनें ठाणें मात्र ग्रँट रोडकडील पिला हाऊस. इंग्रजींतील प्लेहाऊसचें हें देशी रूप. तेथील एल्फिन्स्टन, बांगडी वगैरे थिएटरांतून पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनीं मुंबई वेडी केली. बापूराव म्हणजे रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, जातीनें ब्राह्मण. पवळा संगमनेर तालुक्यांतील हिवरगांवची, जातीनें महार. त्यांच्या जोडीचा बोभाटा कलेइतकाच जातीमुळेंहि झाला. बापूरावांनीं आपल्या खेळांचें उत्पन्न महाडच्या सत्याग्रहासाठीं देऊं केलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तें घेण्याचें नाकारलें. आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या मानाच्या लढ्याला कसा चालावा, हा त्यांचा प्रश्न होता. तमाशावर पुढें जे अनेक आक्षेप आले, त्यांत हा एकच असा आहे कीं, ज्याची नजर प्रेक्षकाच्या नीतीवर नसून नाचणाऱ्या बाईवर आहे. पवळा १९३९ सालीं वारली. बापूराव १९४५ सालीं, विपन्नावस्थेंत.

समोर बसलेल्याला गण दिसे, गवळण दिसे, सोंगाड्या आणि मावशी यांची बतावणी दिसे व शेवटीं मध्यरात्र उलटेपर्यंत वग. रंगपट त्याला दिसत नसे. एका ट्रंकेंत शालू, दागिने आणि देवाची तसबीर. तिच्याच शेजारीं निजलेलें मूल. बाहेर दौलतजादा किती झाली याचा हिशोब, आणि त्यांतून कोणाला काय मिळणार याची कुजबुज. नारायणगांवच्या विठाबाईंची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असतां त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा आंत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. या विठाबाईंना राष्ट्रपतींकडून दोनदां गौरव मिळाला, १९५७ सालीं व १९९० सालीं. २००२ सालीं त्या वारल्या, तेव्हां घरांत सुबत्ता नव्हती.

रंगपट हा रहस्यकथेला किती सोयीचा, हें अमेरिकेंत एका नर्तकीनेंच ओळखलें. जिप्सी रोझ ली ही न्यूयॉर्कच्या बर्लेस्क नांवाच्या नाचगाण्याच्या आणि थट्टामस्करीच्या खेळांतील नामांकित बाई. १९४१ सालीं तिच्या नांवानें एक खुनाची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९४३ सालीं विल्यम वेलमन यांनीं तीवरून ‘लेडी ऑफ बर्लेस्क’ हा चित्रपट काढला. नायिका बार्बरा स्टॅनविक; तीहि एके काळीं नाचणाऱ्या मुलींच्या रांगेंतच उभी राहिलेली. रंगपटांत एका नर्तकीचा, तिच्या वेषांतीलच एका नाडीनें, गळा आवळला जातो. पोलीस आंत शिरतात, आणि अर्धवट रंगलेल्या तोंडांनीं बायका त्यांना चोख उत्तरें देतात. गुन्हेगार कोण, हें येथें सांगणें रसभंगाचें होईल. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. हा चित्रपट निघाला तेव्हां न्यूयॉर्कमध्यें तो खेळ बंद पडलेला होता. महापौर लाग्वार्डिया यांच्या कारकीर्दींत १९३७ सालीं थिएटरांचे परवाने अडविण्यांत आले, जाहिरातींत बर्लेस्क हा शब्द लिहिण्यासहि मनाई झाली, आणि १९४२ पर्यंत उरलींसुरलीं थिएटरेंहि गेलीं. खेळ गेला, त्याचें चित्र मात्र तिकीट लावून दाखविलें गेलें.

नेमकें हेंच थोड्या वर्षांत मुंबईंत घडलें. १९४७ सालीं परळच्या राजकमल कलामंदिरानें ‘लोकशाहीर रामजोशी’ पडद्यावर आणला. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया. ज्या सुशिक्षित घरांतील माणसें तमाशाच्या तंबूकडे मान वळवून पाहत नसत, तीं सहकुटुंब लावणी ऐकावयास गेलीं. आणि १९४७-४८ च्याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली. पडद्यावरील लावणी ही परंपरा ठरली आणि फडावरील लावणी गुन्हा! पडद्यावरील बयेचें पोट चित्रपटसंस्था भरीत होती. फडावरच्या बाईला मात्र उद्यां चूल कशी पेटवावी, याचें उत्तर त्या हुकुमांत नव्हतें.

बंदी फार दिवस टिकली नाहीं. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधार समिती नेमली गेली. शुद्ध केलेला, तपासलेला तमाशा चालेल असें ठरलें, आणि १९५४ पासून प्रयोगापूर्वीं संहिता तपासणारें मंडळहि आलें. ज्या बतावणींतील विनोद समोरच्या माणसाकडे पाहून त्या क्षणीं सुचतो, तो आधीं लिहून कचेरींत कसा दाखल करावयाचा, हें कोडें समितीला पडलें असावें असें वाटत नाहीं. शब्दाची गंमत येथेंहि झाली. अण्णाभाऊ साठे आणि लाल बावटा कलापथकांतील त्यांचे सोबती १९४४ पासून तमाशाच्या सांच्यांत संप, महागाई आणि सावकार घालून गिरणगांवांत खेळ करीत होते. तमाशा हें नांवच वर्ज्य झालें, तेव्हां लोकनाट्य हें नांव पुढें आलें. त्यांच्या खेळांत गणांतील गणपतीच्या जागीं वीरपुरुषांना व मातृभूमीला वंदन असे. गवळण तर त्यांनीं गाळलीच. समितीनें कात्रीनें जें साधूं पाहिलें, त्यांतलें कांहीं या मंडळींनीं आपल्या कारणासाठीं आपण होऊनच केलें होतें.

डिलाईल रोडवरून करी रोडचा पूल ओलांडला कीं लालबाग. तेथील हनुमान थिएटर हें पुढें गिरणगांवाचें तमाशाचें हक्काचें घर झालें. मधुकर नेराळे यांनीं तें चालविलें, आणि तमाशा-कलावंतांच्या हक्कांसाठीं ते सरकारदरबारीं हिंडले. थिएटर भरत होतें तें पगाराच्या पैशावर. १९८२ च्या जानेवारींत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो पगारच थांबला. गिरण्या एकेक करून मिटल्या, खोल्यांतील गडी गांवीं परतले, फडांनीं पुन्हां जत्रांची वाट धरली. कोणत्याहि मंत्रिमंडळाच्या हुकुमानें जें झालें नाहीं, तें या रिकाम्या खिशानें केलें. हनुमान थिएटर बंद पडलें आणि त्या जागीं मंगल कार्यालय झालें.